शिंपल्यांतले शिपाई

रोगांना ऋतू असतो, हे आपल्याकडे लहान मुलासही शिकवावे लागत नाही. पहिला पाऊस पडला की घरातील वडील माणसे पाणी उकळून पिण्याची ताकीद देतात. भाद्रपदातील ऊन चटके देऊ लागले की तापाची साथ येणार असे गृहीत धरून काढ्याची पुडी आणून ठेवितात. आणि माघातील कोरडा वारा सुटला की खोकल्याची वाट पाहतात. आम्ही राहतो त्या भिलाईच्या सेक्टर 10 पासून सेक्टर 9 मधील मोठे रुग्णालय फार दूर नाही, आणि पंचांग न उघडता केवळ तेथील रांग पाहून महिना ओळखावा, असा विनोद आमच्या आळीत चालतो. मात्र या सर्व सावधगिरीत एक गोष्ट आपण न तपासता धरून चालतो. ऋतूप्रमाणे बदलतो तो शत्रू. आपल्या शरीरातील रक्षक मात्र बारा महिने तेरा काळ सारख्याच तयारीने उभा आहे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत खरी नाही. रक्षकालाही ऋतू असतो. हे ज्या साक्षीदारांनी उघडकीस आणिले त्यांत समुद्रातील खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांचा मान मोठा आहे, आणि त्या साक्षीचा इतिहास सिसिलीपासून मुंबईपर्यंत व तेथून रत्नागिरीपर्यंत असा काही फिरत येतो की, मुलुखाबाहेर बदलीवर असलेल्या वाचकांस तो सांगावा असे आम्हांस वाटले. मुंबईचा समुद्र येथून आगगाडीने सुमारे 1100 किलोमीटर दूर आहे. परंतु ज्यांचे बालपण कोकणात गेले त्यांस शिंपल्यांची ओळख करून देण्याचे धाडस करण्यात अर्थ नाही. शिंपल्यांच्या पोटातील गोष्ट तेवढी सांगतो.

मालवणपासून गोव्यापर्यंत ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्याविषयी हे बोलणे आहे. तिसऱ्या व मुळे वाळूत आणि चिखलात पुरून राहतात, कालवे खडकाला कायमची जडून जातात, आणि शिणाणे स्वतःच निर्माण केलेल्या चिवट दोऱ्यांनी खडकाला बांधून घेतात. हिरव्या कडेमुळे शास्त्रानेही या जातीस हिरवी शिंपलीच म्हटले असून लिनियसने 1758 साली तिचे बारसे केले. युरोपच्या थंड पाण्यात तिच्या निळसर काळ्या बहिणी राहतात. या साऱ्यांचा आहार म्हणजे गाळलेले पाणी. मध्यम आकाराची एक शिंपली तासाला लिटर दोन लिटर पाणी सहज गाळते, आणि त्यातील सूक्ष्म वनस्पती पोटात घेते. आता जो प्राणी दिवसभर समुद्र गाळीत बसतो, त्याच्या घरात काय काय शिरत असेल याची कल्पना करावी. पाण्याच्या थेंबाथेंबात जंतू असतात, आणि शिंपलीला दार बंद करून फार काळ जगता येत नाही.

तिचे रक्तही आपल्यासारखे नव्हे. ते तांबडे नसते, जवळजवळ रंगहीन असते. आणि सर्वस्वी नळ्यांत बंदही नसते, अवयवांच्या भोवतालच्या पोकळ्यांतून ते हिंडते. एकदा देवी किंवा गोवर येऊन गेल्यावर त्या रोगाची ओळख जन्मभर जपून ठेवणारी प्रतिपिंडे आपल्या रक्तात तयार होतात. तशी शिंपलीच्या रक्तात होत नाहीत. तिच्यापाशी आहेत त्या रक्तात फिरणाऱ्या पेशी. त्यांतील काही दाणेदार, काही नितळ. जंतू दिसला की त्याला वेढून गिळावयाचे, गिळता न येण्याइतका मोठा असेल तर अनेकींनी मिळून त्याच्याभोवती कोंडाळे करावयाचे, आणि त्याच्यावर दाहक रसायने सोडावयाची, हे त्यांचे काम. 1996 साली या पेशींत जंतुनाशक अशी लहान लहान प्रथिनेही सापडली. मराठीत 'शिपाई' हा शब्द लढणाऱ्यासही लागतो आणि कचेरीत फायली इकडून तिकडे नेणाऱ्यासही. शिंपलीच्या पेशी दोन्ही अर्थांनी शिपाई आहेत. कारण जखम बुजविणे, शिंपेची डागडुजी करणे, अन्नाची ने-आण करणे हीही कामे त्यांच्याच गळ्यात आहेत. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या शिपायांस गिळताना प्रथम पाहिले ते जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने. त्याने एका समुद्री गोगलगाईच्या शरीरात निळीची बारीक पूड सोडली, आणि काही वेळाने तिच्या रक्तपेशींच्या आत निळीचे कण पाहिले. 1862 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही नोंद आहे. हेकेलने ती केली आणि तो पुढे गेला. पेशीच्या पोटात नीळ गेली, हे त्याला दिसले. पेशी ती मुद्दाम पोटात का घेते, हा प्रश्न त्याला पडला नाही.

प्रश्न पडला तो वीस वर्षांनी, इल्या मेच्निकॉव्ह यास. भिलाईच्या वाचकांस रशियन नावे परकी वाटू नयेत. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि 1972 साली उभ्या राहिलेल्या मैत्री बागेचे नावही त्याच स्नेहातून आले. मेच्निकॉव्ह त्या जुन्या रशियन साम्राज्यातला. 1845 साली खारकोव्हजवळ जन्मलेला. ते गाव, आणि तो जेथे प्राध्यापक होता ते ओडेसा, ही दोन्ही आज युक्रेनच्या हद्दीत आहेत. विद्यापीठातील राजकारणास कंटाळून 1882 साली त्याने राजीनामा दिला आणि सहकुटुंब सिसिलीतील मेसीना येथे समुद्रकाठी बिऱ्हाड केले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली होती. हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पारदर्शक पिलांत फिरणाऱ्या पेशी पाहत होता. पाहता पाहता त्याच्या मनात आले की, या पेशी नुसत्या हिंडत नसून पहारा देत असतील. मग या पिलाच्या अंगात काटा रुतला तर त्या धावून आल्या पाहिजेत! बागेत मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून सजविलेले संत्र्याच्या जातीचे एक लहान झाड होते. जवळच्या गुलाबाचे काटे आणून त्याने पिलांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींची गर्दी उसळलेली होती.

मेच्निकॉव्हने पुढे स्वतःच ही हकीकत रंगवून सांगितली आहे, आणि शोधांच्या गोष्टी म्हातारपणी सांगताना थोड्या सोज्ज्वळ होतात हे आम्ही जाणून आहो. परंतु तीतून निघालेला सिद्धांत पक्का होता. शरीराचे रक्षण ही पेशींची कामगिरी आहे. आणि तारामासा, शिंपली, पाण्यातील पिसू, ससा, माणूस या सर्वांत ती एकाच जुन्या पद्धतीने चालते. या पेशींना त्याने 'भक्षक पेशी' या अर्थाचे ग्रीक नाव दिले. जर्मनीतील विद्वानांनी याची पुष्कळ थट्टा केली. त्यांच्या मते रक्षण रक्तरसातील द्रव्ये करितात, पेशी केवळ मेलेल्या जंतूंचा केर काढतात. हे भांडण वीस-पंचवीस वर्षे चालले. नाटककार शॉ यानेही 1906 सालच्या 'दि डॉक्टर्स डिलेमा' या नाटकात भक्षक पेशींचा ध्यास घेतलेला एक डॉक्टर उभा करून हात धुऊन घेतले. अखेर 1908 साली नोबेल समितीने मेच्निकॉव्ह व त्याचा प्रतिपक्षी पॉल एर्लिख या दोघांना मिळून पारितोषिक दिले, आणि दोन्ही पक्षकार बरोबर असल्याचा निवाडा केला. सरकारी नोकरांस असे निवाडे अपरिचित नाहीत. मात्र येथे तो खराच बरोबर होता.

आता मुंबई. ओडेसाच्या विद्यापीठात मेच्निकॉव्हचा एक शिष्य होता, वाल्देमार हाफकिन. ज्यू असल्यामुळे रशियात त्याला वर चढण्यास वाव नव्हता. गुरू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला, आणि 1889 साली शिष्यासही तेथे त्याने जागा मिळवून दिली. ती जागा साहाय्यक ग्रंथपालाची होती. हाफकिनने पुस्तके सांभाळता सांभाळता पटकीची लस तयार केली, जुलै 1892 मध्ये ती स्वतःस टोचून घेतली, आणि 1893 साली तो हिंदुस्थानात आला. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टराने गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस पोहोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक लहान जागा मिळाली, आणि हाताखाली माणसे मिळाली ती अशी : एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगवरील जगातील पहिली लस या आस्थापनेवर तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने ती प्रथम आपल्याच दंडात घेतली आणि महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. त्या कारकुनाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आमच्या पाहण्यात आले नाही, आणि आमचा वर्ग ध्यानी घेता त्याचे आम्हांस नवलही वाटले नाही.

पुढील कथा मराठी वाचकांच्या घरातली आहे. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचे 10 मार्च 1897 रोजी प्लेगने निधन झाले. त्याच वर्षी 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये 1899 साली प्लेगची प्रयोगशाळा गेली, तीच 1925 पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. मध्यंतरी 1902 साली पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली, दोष हाफकिनच्या माथी आला आणि तो धुऊन निघण्यास 1907 साल उजाडले. आमच्या विषयास याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मुंबईचा प्लेग वर्षामागून वर्षे एकाच वेळापत्रकाने येत असे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात वाढावे, मार्चच्या सुमारास शिखर गाठावे, पावसाळ्यात ओसरावे. 1905 साली नेमलेल्या संशोधन मंडळाने परळात बसून उंदीर आणि पिसवा मोजल्या, उष्णता आणि दमटपणा मोजला, आणि हे वेळापत्रक पिसवांच्या वाढीशी जुळते असे दाखविले. काम उत्तमच होते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, साथीचा ऋतू म्हणजे शत्रूचा ऋतू, हे समीकरण पक्के बसले. गिळणाऱ्या पेशींचा शोध लावणाऱ्याचा शिष्य ज्या शहरात राबला, त्या शहरातही त्या पेशींच्या हजेरीचे महिनेवार पुस्तक कोणी उघडले नाही. आणखी एक गंमत अशी की, गुरूने जन्मभर पेशींची बाजू लढविली, पण शिष्याच्या लशीचे यश हे प्रतिपक्षाच्या रक्तरसातील द्रव्यांच्याच पारड्यात पडत होते. शिंपलीला ज्याचा लाभ नाही त्या आठवणीच्या बळावर लस काम करते.

रक्षकाचे बळ ऋतूप्रमाणे कमीजास्त होते, ही कल्पना आपल्या पूर्वजांस नवी नव्हती, हे येथे नोंदविले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात वर्षाचे आदान आणि विसर्ग असे दोन भाग केले आहेत. शिशिरापासून ग्रीष्मापर्यंत सूर्य बळ ओढून घेतो, वर्षेपासून हेमंतापर्यंत ते परत मिळते; त्यामुळे ग्रीष्म आणि वर्षा यांच्या सांध्यावर शरीर सर्वांत दुबळे, तर हेमंत-शिशिरात सर्वांत सबळ. यावरून चरकास भक्षक पेशी ठाऊक होत्या, असे कोणी म्हणू लागल्यास आम्ही त्याच्या पंगतीस बसणार नाही. पण बळ ही स्थिर ठेव नसून चढउतार असलेले खाते आहे, हे त्याने ओळखले होते, एवढे मान्य करावयास हरकत नाही.

युरोपातील लोकांनीही एक ऋतुनियम केला होता, तोही शिंपल्यांविषयीच. ज्या इंग्रजी महिन्याच्या नावात 'र' नाही त्या महिन्यात कालवे खाऊ नयेत. मे ते ऑगस्ट हे चार महिने त्यामुळे वर्ज्य ठरतात, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हा नियम इंग्रजी ग्रंथांत सापडतो. आपल्या महिन्यांना हीच कसोटी लावली तर मात्र घोटाळा होईल. श्रावण आणि भाद्रपद यांत 'र' भरपूर आहे, आणि पौष, माघ, फाल्गुन हे कोकणातील उत्तम महिने बिचारे वर्ज्य होतील! नियम अक्षराचा नव्हे, पाण्याचा आहे. त्या चार महिन्यांत तेथील पाणी तापते, जंतू वाढतात, आणि कालवे अंडी-वीर्य सोडून पातळ झालेली असतात. या तीन कारणांतील तिसऱ्याकडे शास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले.

ते गेले ते बहुतांशी शिंपल्यांच्या शेतीमुळे. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील निमुळत्या खाड्यांत तराफ्यांवरून दोर सोडून शिंपल्या वाढविण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला आणि फोफावला. जपानात आणि अमेरिकेत कालवांची शेती होतीच. या शेतकऱ्यांस एक कोडे पडे. भरल्या अंगाची, पोसलेली कालवे ऐन उन्हाळ्यात पटापट मरत. अन्न भरपूर, वाढ उत्तम, आणि तरी मरण. नुसता जंतू शोधून कोडे सुटेना, कारण जंतू सापडला तरी तो आदल्या महिन्यातही पाण्यात असे. तेव्हा संशोधकांनी शिंपल्यांच्या रक्ताची महिनेवार हजेरी घेण्यास आरंभ केला. पद्धत साधी आहे. दरमहा एकाच जागेच्या ठराविक शिंपल्या आणावयाच्या, दोन्ही शिंपा मिटून धरणाऱ्या स्नायूत बारीक सुई घालून रक्ताचे काही थेंब काढावयाचे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजावयाच्या, दाणेदार किती व नितळ किती हे लिहावयाचे. मग त्यांना यीस्टचे किंवा रंगीत कण देऊन शंभरांपैकी किती पेशींनी गिळले याची नोंद करावयाची. त्याशेजारी पाण्याची उष्णता, खारेपणा, अन्न आणि जननग्रंथींची अवस्था. असे बारा महिने, शक्य तर चोवीस. मेच्निकॉव्हच्या रात्रीसारखे यात काही रोमहर्षक नाही. हे सरळ कारकुनी काम आहे, आणि या शोधातील निर्णायक भाग नोंदवहीने केला याचा आम्हांस खासगी आनंद आहे. गॅलिसियातील शिंपल्यांचा असा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यात ऋतूबरोबरच वय, आकार, अन्न, जननावस्था व परोपजीवी यांचाही रक्तपेशींच्या संख्येशी पडताळा घेतला होता.

या नोंदवह्यांतून जे दिसले त्याचा मथितार्थ घरखर्चाच्या भाषेत सांगता येतो. शिंपलीची मिळकत म्हणजे गाळलेले अन्न. शिल्लक म्हणजे अंगात साठविलेली पिष्टमय द्रव्ये. वर्षातून एकदा किंवा दोनदा तिच्या घरी मोठे कार्य निघते, ते प्रजोत्पादनाचे. तिच्या बाबतीत जननग्रंथी कोपऱ्यात मावत नाहीत, सबंध अंगाच्या पदरात पसरतात. शिणाणे शिजविणाऱ्या कोणाही गृहिणीने हे पाहिले आहे. एकाच पातेल्यातील काहींचे मांस नारिंगी तांबूस असते आणि काहींचे दुधी पांढरे. पहिल्या माद्या, दुसरे नर. हा सारा रंग म्हणजे शिल्लक मोडून केलेला खर्च. कार्य उरकले की घर रिकामे होते, आणि नेमक्या त्याच वेळी शिपायांस आवराआवरीच्या कामास जुंपले जाते; कारण न सुटलेली, वाया गेलेली बीजे गिळून जागा साफ करणे हेही त्यांच्याकडेच. ऑस्ट्रेलियातील 2007 सालच्या एका अभ्यासात पॅसिफिक कालवांच्या पेशींची गिळण्याची शक्ती बीज सोडल्यानंतर उतरलेली आढळली, आणि आधी जी उष्णता ती सोसत ती नंतर सोसवेना. शत्रू तोच, पाणी तेच. पहारा विरळ झाला होता. यातही जातीजातींत फरक आहेत, एका खाडीचा आलेख दुसरीस लागू पडेलच असे नाही, आणि पेशींची संख्या वाढली म्हणजे बळ वाढले असा सरळ हिशोबही नाही. संकटाच्या वेळी ऊतींत दडलेल्या पेशी रक्तात उतरल्या तरी संख्या फुगते. आमच्या कचेरीतही हजेरीपट भरलेला असणे आणि काम होत असणे या दोन वेगळ्या गोष्टी मानतात.

युरोपात ऋतू म्हणजे मुख्यतः उष्णता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राची उष्णता वर्षभरात फार थोडी हलते. येथे ऋतू म्हणजे पाऊस. मे महिन्यात खाडीच्या पाण्यात हजारी 35 भाग मीठ असते. मृग लागला, डोंगरावरून नद्या लोटल्या की काही दिवसांत ते खाडीत 10 च्याही खाली येते. माणसाने जेवणातले मीठ एकाएकी सोडावे असा हा प्रकार नव्हे. शिंपलीच्या रक्ताचा खारेपणा बाहेरच्या पाण्याबरोबर बदलतो, म्हणून तिचे शिपाई ज्या रक्तात पोहतात तेच पातळ होते. काही दिवस ती दार मिटून बसते. मग तिला उघडावेच लागते. हाँगकाँगजवळच्या हिरव्या शिंपल्यांवर, म्हणजे आपल्या शिणाण्यांवरच, झालेले प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाले. पाण्यातील खारेपणा आणि प्राणवायू कमी केल्यावर रक्तपेशी अधिक मेल्या आणि उरलेल्यांची गिळण्याची ताकद घटली. कोकणच्या खाडीत हा प्रयोग दरसाल जूनमध्ये निसर्ग करीत असतो.

त्या खाड्यांची नोंदवही ठेवणारे लोक कोठून आले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. औरंगाबादेस 1958 साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर, पाण्याचे तेथे दुर्भिक्ष. तरी त्या विद्यापीठातील आर. नागभूषणम् आणि उ. ह. माने या प्राणिशास्त्रज्ञांनी रत्नागिरीच्या शिणाण्यांचा आणि काळबादेवी खाडीतील शिंपल्यांचा प्रजननक्रम अभ्यासिला, आणि त्यांचे लेख 1975 साली प्रसिद्ध झाले. त्यांचा विषय रक्तपेशी नव्हता. पण शिंपलीच्या घरचे कार्य कोणत्या महिन्यात निघते हे कळल्यावाचून पहारा कोणत्या महिन्यात विरळ होणार हे सांगता येत नाही, म्हणून पाया त्यांचाच धरावा लागतो. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासीम, पारुळेकर आदी संशोधकांनी त्याच दशकात तराफ्यांवरून दोर सोडून शिणाणे वाढवून दाखविले. समुद्र दिसत नाही अशा गावी बसून समुद्राचे काम करिता येते, याचा हा दाखला भिलाईतून वाचताना आम्हांस विशेष गोड लागला.

हा विषय केवळ शिंपलीच्या सुखदुःखाचा नाही. ती जे जंतू गिळून मारू शकत नाही ते तिच्या अंगात राहतात, आणि तेथून आपल्या ताटात येतात. हाफकिनने ज्याच्याविरुद्ध पहिली लस केली त्या पटकीचा जंतू निमखाऱ्या पाण्यात, सूक्ष्म जीवांच्या अंगाला चिकटून मुक्कामासच असतो, हे पुढील संशोधनाने दाखविले आहे. 1973 साली नेपल्स शहरात पटकी उद्भवली तेव्हा ठपका शिंपल्यांवर आला, आणि बंदरातील शिंपल्यांचे मळे उखडून टाकण्यात आले. पुढे इटलीतील प्रयोगशाळांत याच जंतूची आणि शिंपल्यांच्या रक्तपेशींची समोरासमोर गाठ घालून पाहण्यात आली. शिपाई पुष्कळ जंतू मारतात, सगळे मारीत नाहीत. तेव्हा पावसाळ्यात शिंपल्या खाणे टाळावे आणि एरवीही त्या चांगल्या उकळून घ्याव्यात, ही आजीची शिस्त रक्तपेशींचे नाव न घेताही बरोबर होती.

माणसाच्या रक्ताचे पुस्तक मात्र फारच अलीकडे उघडले गेले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे 22,800 जनुकांपैकी 5,100 हून अधिकांचे कार्य ऋतूप्रमाणे बदलते असे दिसले, आणि त्यांत रोगप्रतिकाराशी संबंधित पुष्कळ होती. युरोपातील लोकांत हा बदल हिवाळ्या-उन्हाळ्याशी जुळला. पश्चिम आफ्रिकेतील गांबियाच्या लोकांत रक्तपेशींचा चढउतार पावसाळ्याशी जुळला. खडकावरच्या शिंपलीपासून घरातल्या माणसापर्यंत येण्यास हेकेलच्या निळीपासून दीडशे वर्षे लागली.

दरम्यान समुद्रही पूर्वीचा राहिलेला नाही. जून 2021 मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली तेव्हा ओहोटीच्या खडकांवरील शिंपल्या आणि त्यांचे शेजारी मिळून अब्जावधी जीव मेल्याचा अंदाज आहे. 2016 साली तर असेही उघडकीस आले की, काही शिंपल्यांच्या रक्तपेशी स्वतःच कर्करोगाने बिघडतात आणि पाण्यातून एका शिंपलीकडून दुसरीकडे संसर्गासारख्या जातात. पहारेकरीच दरोडेखोर व्हावा तसे. अरबी समुद्र तापतो आहे, आणि पावसाचे पाणी थोड्या दिवसांत अधिक जोराने लोटू लागले आहे. जेथे पहारा वर्षातून ठराविक दिवस विरळ होतो, तेथे ते दिवस वाढले तर काय होईल, हा प्रश्न प्रयोगशाळेइतकाच खाडीकाठच्या बायकांचा आहे. सिंधुदुर्गातील महिला बचत गटांनी गेल्या दशकात खाड्यांत कालवे आणि शिणाणे वाढविण्यास आरंभ केला. केरळात कासरगोडकडे हा धंदा 1996-97 पासून रुजला. तेथील गणित असे आहे : पावसाळा सरल्यावर खडकांवरची नखाएवढी पिले गोळा करावयाची, नोव्हेंबर-डिसेंबरात दोरांना बांधून खाडीत सोडावयाची, आणि मे संपण्यापूर्वी, पहिला लोट येण्याच्या आत, दोर वर काढावयाचे. पाऊस आठ दिवस आधी आला तर दोरांवरचे पीक पाण्यातच मरते. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून खाडीकाठी सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात आणि होड्या किनाऱ्याला तयार बांधलेल्या असतात.